खड्डे बुजवा म्हणताना कसे बुजवा तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये खड्ड्यांची तक्रार करायची म्हटले की अर्जात बहुधा एकच वाक्य असते: 'आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था झाली असून तातडीने दुरुस्ती करावी.' हे वाक्य खरे असते, पण त्यावर कोणाला काही काम करता येत नाही. कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, खड्डा केवढा, रस्ता कोणाच्या ताब्यात, त्यावर शेवटचे काम कधी झाले, यातले काहीच त्यात नसते. मग फार तर मुरमाची एक ट्रॉली येते. आठ दिवस धूळ उडते, पहिल्या मोठ्या सरीत मुरूम गटारात जातो आणि खड्डा होता तसा उघडा पडतो. कागदावर मात्र तक्रार निकाली निघालेली असते. तक्रार नेमकी कशी लिहावी आणि दुरुस्ती झाली तर ती कशी ओळखावी, हे नागरिकांना कळले तर यात पुष्कळ फरक पडेल, अशी आमची खात्री आहे. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी खड्डा पडतो कसा ते. सांगलीत पाऊस तसा कमी, कोयना-महाबळेश्वरच्या मानाने तर किरकोळच. तरी रस्ते टिकत नाहीत, कारण शहराच्या मोठ्या भागाखाली काळी माती आहे आणि जमीन सपाट आहे. कृष्णाकाठची ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते. पण चार दिवस पाण्यात ठेवून तपासली की तिची भार पेलण्याची ताकद, म्हणजे अभियंते जिला सीबीआर म्हणतात ती, अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येते. अशा मातीवर थेट खडी पसरली तर पावसात चिखल खडीच्या फटींतून वर चढतो आणि खडी खाली रुतत जाते. वरचे डांबर कितीही चांगले असले तरी खालचा आधार गेल्यावर ते तडकतेच. काळी माती काढून मुरमाचा जाड थर दाबून घेणे किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करणे, हे उपाय जुने आणि खात्रीचे आहेत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी त्या मातीपर्यंत पोहोचूच न देणे.

डांबरी थर शाबूत असतो तोवरच तो पाणी अडवतो. केसाएवढी भेग पडली की पाणी आत शिरते. वरून चाक गेले की ते पाणी दाबले जाते, बाहेर उसळते आणि येताना बारीक माल घेऊन येते. भेगांच्या कडेला पांढरट किंवा मातकट डाग दिसतो तो हाच. हे दिवसभरात हजार वेळा घडले की खडीवरचे डांबर सुटते, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, आणि मग एका रात्रीत तुकडा निघून जातो. लोक म्हणतात, 'काल तर रस्ता चांगला होता.' तो चांगला नव्हता, त्याचे चार महिने भेगांत गेलेले होते. त्या भेगा मार्च-एप्रिलमध्ये इमल्शनने, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराने, भरून घेतल्या असत्या तर खड्डा झालाच नसता, आणि खर्च खड्ड्याच्या मानाने नगण्य आला असता. म्हणून जाळीसारख्या भेगा दिसल्या की खड्डा पडायची वाट न पाहता तेव्हाच तक्रार द्यावी. आमच्या मते या पत्रातली सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे.

आपल्याकडे त्यात उसाची भर पडते. परतीचा पाऊस ऑक्टोबरात मातीत मुरलेला असतो आणि त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात ते ओल्या, मऊ पडलेल्या रस्त्यावरून. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, ते साधारण सोळापट होते; रस्ताबांधणीत जगभर हाच हिशेब धरतात. मार्केट यार्डाच्या, माधवनगरच्या आणि कुपवाड एमआयडीसीच्या वाटेवरच्या रस्त्यांची जाडी म्हणूनच गल्लीतल्या रस्त्याएवढी असून चालत नाही. अंदाजपत्रकात ती वेगळी धरली आहे का, हे विचारायला हवे. पुरानंतरही हीच गोष्ट. २००५, २०१९ आणि २०२१ साली शहराचे अनेक रस्ते कित्येक दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर वरचा भाग दोन उन्हांत वाळतो, पण खालची माती भिजलेलीच असते. त्या काळात अवजड वाहने काही आठवडे दुसऱ्या रस्त्याने वळवली तर रस्ता वाचतो. ओसरल्याबरोबर सोडली तर जो रस्ता पुराने मोडला नव्हता तो ट्रकने मोडतो.

आता तक्रारीकडे. पहिला प्रश्न, रस्ता कोणाचा? महापालिका हद्दीतला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत, मिरजेजवळून जाणारा रत्नागिरी-नागपूर हा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि हद्दीबाहेर पाऊल टाकले की जिल्हा परिषद येते. याखेरीज गुंठेवारीतले आणि खासगी ले-आऊटमधले असे रस्ते आहेत, जे नकाशावर आहेत पण रीतसर हस्तांतरित झालेले नाहीत. चुकीच्या दारी अर्ज दिला तर 'हा रस्ता आमच्या अखत्यारीत नाही' एवढे एक ओळीचे उत्तर मिळते आणि पावसाळा संपतो. ताब्याबद्दल शंका असेल तर माहितीच्या अधिकारात विचारावे. कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवणे ही माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. अर्जदाराने दारोदार फिरायचे नसते.

दुसरे, मोजमाप. त्यासाठी एक टेप, एक सरळ पट्टी आणि एक फूटपट्टी पुरते. खड्ड्याची सर्वांत जास्त लांबी आणि रुंदी घ्यावी. खोली मोजायला सरळ पट्टी खड्ड्यावर आडवी ठेवून तिच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत मोजावे. नुसती फूटपट्टी खड्ड्यात उभी केली तर मोजमाप नेहमी कमी भरते. पाणी साचलेले असेल तर काठी घालून ओली खूण मोजावी. जागा सांगताना 'अमुक दुकानासमोर' लिहू नये, दुकान बदलते. जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहावा आणि खांबापासूनचे अंतर द्यावे. छायाचित्र टेपसकट घ्यावे, एक जवळून आणि एक असे की ज्यात खांब किंवा चौक दिसेल. एका अर्जात एकच रस्ता घ्यावा. पंचवीस रस्त्यांचे एकत्र निवेदन दिले तर ते शिष्टमंडळाच्या फोटोपुरते उरते, कारण ते वेगवेगळ्या प्रभाग समित्यांत आणि वेगवेगळ्या शाखा अभियंत्यांत वाटावे लागते आणि कोणाच्याच टेबलावर पूर्ण जात नाही. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. फोनवरून किंवा मोबाइलवरून केलेली तक्रार चालते, पण तिचा टोकन क्रमांक जपून ठेवावा. पुढे जे जे करायचे ते सगळे या एका तारखेवर अवलंबून आहे.

तिसरे, दोषदायित्व कालावधी. नवीन रस्ता केल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत त्यात दोष निघाला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. ही मुदत निविदेत लिहिलेली असते. कामाप्रमाणे ती कुठे दोन, कुठे तीन, कुठे पाच वर्षांची असते. ठेकेदाराची अनामत तोवर कार्यालयाकडे अडकलेली असते. म्हणजे मुदतीतल्या रस्त्याला खड्डा पडला तर तो भरायला महापालिकेचा एक रुपयाही लागायला नको. प्रत्यक्षात मुदतीची तारीख नागरिकांना माहीत नसते, कार्यालयात ती फाइलमध्ये असते, आणि खड्डे भरण्याच्या वार्षिक ठेक्यातून तोच खड्डा भरला जातो. एका रस्त्यावर दोनदा पैसे जातात. अनामत परत गेली की मग काहीच हातात उरत नाही. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज खड्डा पडल्यावर करू नये, काम संपल्यावर महिन्याभरात करून ठेवावा.

अर्ज साध्या कागदावर, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, तेव्हा प्रस्तावना लिहू नये. मागायच्या गोष्टी अशा: अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींच्या प्रती, डांबराचे प्रमाण, थराची जाडी आणि घनता यांचे तपासणी अहवाल, आणि शिल्लक अनामत रक्कम. 'का' आणि 'कधी करणार' असे प्रश्न विचारू नयेत, कारण कायद्याने माहिती म्हणजे उपलब्ध कागद. खुलासा मागितला की अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. याच कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही दिलेला आहे. तो फार थोडे लोक वापरतात. मोजमाप पुस्तिकेत ५० मिलिमीटर बीबीएम (डांबरात बांधलेल्या खडीचा खालचा थर) आणि वर २० मिलिमीटर कार्पेट (वरचा डांबरी थर) लिहिले असेल आणि खड्ड्याच्या उभ्या कडेला पट्टी लावल्यावर एकूण ४० मिलिमीटरच भरत असेल, तर त्याचे टेपसह छायाचित्र आणि पुस्तिकेची प्रत शेजारी ठेवली की पुढे फार बोलावे लागत नाही.

समजा, महापालिकेने दुरुस्ती मान्य केली. आता खड्डा कसा भरायचा हे महत्त्वाचे. इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या देखभालीची स्वतंत्र संहिता आहे, क्रमांक ८२. तिच्यातली पद्धत थोडक्यात अशी. खड्ड्याभोवतीचा कमकुवत भाग मजबूत डांबर लागेपर्यंत चौकोनी आखून घ्यायचा आणि कटरने किंवा ब्रेकरने उभा कापायचा. कडा उभ्या हव्यात. बशीसारख्या उतरत्या कडांवर भरलेला माल कडेला पातळ होत जातो आणि तिथूनच पहिल्या आठवड्यात उखडतो. मग सैल माल, चिखल, पाणी सगळे बाहेर काढून तळ झाडून कोरडा करायचा. तळ ढिला असेल तर आधी तो खडी आणि चुरीच्या मिश्रणाने १० सेंटिमीटरपेक्षा जाड नाही अशा थरांत भरून प्रत्येक थर दाबायचा. त्यानंतर तळाला आणि चारही कडांना इमल्शन. कडांना लावायचे बहुतेक वेळा राहून जाते, आणि पाणी नेमके तिथूनच शिरते. इमल्शन लावताना तपकिरी असते, काळे झाले की त्यातले पाणी निघाले असे समजावे. तोवर माल टाकू नये. मग हॉटमिक्स, म्हणजे प्लांटवर गरम करून मिसळलेला डांबर-खडीचा माल टाकून रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा आणि पृष्ठभाग आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा अगदी किंचित वर ठेवायचा.

मालाच्या उष्णतेत हलगर्जी चालत नाही. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल प्लांटवर १५० ते १६५ अंशांना तयार होतो, पसरताना तो १४० अंशांच्या खाली नसावा आणि दबाई ९० अंशांच्या आत येण्यापूर्वी पूर्ण व्हावी. ताडपत्री न टाकता आलेला ट्रक दोन तास चौकात उभा राहिला आणि त्यातून दिवसभर घमेल्याने माल काढून गल्ली-गल्लीत टाकला, तर दुपारनंतरचा माल दबतच नाही. तो वरून काळा दिसतो, पण आत पोकळ्या राहतात आणि पोकळीत पाणी जाते. दुरून बघणाऱ्यालाही हे ओळखता येते: चांगला माल चकचकीत असतो आणि फावड्यावरून सुटून पडतो, थंड झालेला निस्तेज, गोळ्यागोळ्यांचा असतो, निळसर धूर येत असेल तर डांबर जळालेले आहे. 'गाड्या जाऊन आपोआप दबेल' असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये. गाड्यांनी फक्त चाकाखालचा पट्टा दबतो, तिथे खोलगट होते आणि त्यात पाणी साचते.

आता हिशेब. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर खोल खड्डा धरू. चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर कापून घेतले की चौकोन १.८ मीटर गुणिले १.३ मीटर झाला. ८ सेंटिमीटर खोलीने तो ०.१८७ घनमीटर भरतो. दबलेल्या डांबरी मालाचे वजन घनमीटरला साधारण २.३ टन, म्हणजे एका खड्ड्याला सुमारे ४३० किलो माल. इमल्शन चौरस मीटरला पाव किलोच्या हिशेबाने तळ आणि कडा मिळून पाऊण किलोच्या आत-बाहेर. एका घमेल्यात १५ किलो धरले तरी जवळपास २९ घमेली झाली. असा खड्डा पाच-सात घमेल्यांत 'भरला' गेला तर तो भरलेला नाही, झाकलेला आहे. हा गुणाकार प्रत्येक गल्लीतल्या एका माणसाला तरी यावा, कारण बिल चौरस मीटरवर निघत असेल तर खोलीची नोंद कोणी पाहत नाही.

पावसाळ्यात मात्र हॉटमिक्सचा आग्रह धरू नये. प्लांट बंद असतात आणि ओल्या खडीला डांबर धरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात पिशवीतला तयार कोल्डमिक्स (गरम न करता वापरायचा) माल किंवा जाड खडी, बारीक खडी व चुरी यांचे दाबलेले मिश्रण मागावे, आणि ती तात्पुरती सोय आहे, ऑक्टोबरनंतर कापून पक्के भरून द्यावे, असे अर्जात स्पष्ट लिहावे. नुसता मुरूम नको. मुरमात मातीचा अंश असतो, तो भिजला की वंगणासारखा होतो आणि दुचाकी घसरते. वाळला की धूळ होतो. कोल्डमिक्सची पिशवी पाण्यावर ओतून पाय मारून निघून जाणे हाही उपाय नाही. पाणी उपसून, थरांत टाकून, दाबले तरच ती टिकते. पेव्हर ब्लॉक चौकात, वळणावर किंवा कायम ओलीच्या जागी चालतात, पण कडेला काँक्रीटची पट्टी धरून आणि खाली दाबलेला थर देऊन. खड्ड्यात नुसते ठोकून बसवलेले ब्लॉक महिन्याभरात हलायला लागतात.

एकच खड्डा दरवर्षी त्याच जागी पडत असेल तर डांबराला दोष देण्याआधी खाली बघावे. एप्रिल-मेमध्येही ती जागा ओलसर असेल तर नळाची गळती आहे. तेव्हा अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे आधी द्यावा, बांधकामाकडे नंतर. गळती तशीच ठेवून वर कितीही डांबर ओतले तरी ते वाया जाते. खड्डा चेंबरभोवती असेल तर झाकणाची पातळी आणि आतली मोडलेली वीट पाहावी. आणि खड्ड्यांची सरळ रांग असेल तर ती हमखास जुनी चर असते. पाण्याची, ड्रेनेजची, गॅसची किंवा केबलची लाइन टाकताना चर खणली जाते, त्याच मातीने भरली जाते आणि वर खडीचा पातळ हात फिरवला जातो. खरे तर चर १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, दाबून भरायची असते. काळी माती परत टाकायची नसते, मुरूम किंवा चुरी टाकायची असते. खोदाईची परवानगी देताना कार्यालय शुल्क आणि अनामत घेते. म्हणजे रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधीच जमा झालेले असतात. अर्जात चर खणणाऱ्या संस्थेच्या परवानगीची प्रत आणि त्या रकमेचा विनियोग मागावा. नवीन रस्ता होण्याआधी त्याखालच्या सगळ्या लाइनी टाकून झाल्या आहेत का, हे कामाच्या फलकावर लिहिले पाहिजे, अशीही मागणी करावी. ड्रेनेजचे काम बाकी असताना केलेला कार्पेट हा फुकट गेलेला कार्पेट.

निचऱ्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत दोन ते अडीच टक्के उतार हवा. सात मीटर रुंद रस्ता धरला तर मध्य कडेपेक्षा सात ते नऊ सेंटिमीटर उंच असायला हवा. दोरी ताणून कोणीही तपासू शकते. पण उतार असूनही कडेला गटारच नसेल, किंवा गटाराची भिंत रस्त्यापेक्षा उंच असेल, तर पाणी रस्त्याच्या कडेलाच मुरते. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागांत आणि गुंठेवारीच्या वस्त्यांत खरे दुखणे हे आहे. तिथे पाण्याला जायला जागाच ठेवलेली नाही. अशा ठिकाणी 'रस्ता करा' अशी मागणी केली की रस्ता होतो, दोन पावसांत जातो आणि पुन्हा मागणी होते. त्याऐवजी मागणीचा क्रम बदलावा. आधी गटार आणि ते कोणत्या नाल्याला मिळणार त्याची पातळी, मग रस्ता. गटाराला पुढे वाट नसेल तर ते लांब हौद होते, एवढे बघूनच सही करावी. दुसरी खोड म्हणजे कार्पेटवर कार्पेट. दर खेपेला रस्ता चार-पाच सेंटिमीटर वर येतो आणि काही वर्षांत घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली जातात. पूर पाहिलेल्या शहराला हे परवडणारे नाही. जुना थर खरवडून काढून मगच नवा टाकावा, असे अंदाजपत्रकात लिहून घ्यावे. सरसकट काँक्रीट मागण्याचाही मोह होतो. काँक्रीट चांगलेच, पण खालच्या लाइनी बदलून झाल्यावर आणि काळ्या मातीचा बंदोबस्त केल्यावर.

अर्जाला दाद मिळाली नाही तर पुढे काय? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. म्हणून 'आमच्या प्रभागातील रस्ते' असे न लिहिता 'माझ्या घरासमोरील अमुक खांबाजवळचा खड्डा' असे लिहावे आणि पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक जोडावा. खड्डा किंवा तुंबलेले गटार जिवाला धोक्याचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे, सार्वजनिक उपद्रव म्हणून अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली पालिकेला गटारे करायला लावली आणि पैसे नाहीत ही सबब ऐकून घेतली नाही. निधी नसल्याचे उत्तर लेखी आले तर हा निकाल जरूर जोडावा.

मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश तर प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. खड्ड्यामुळे किंवा उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे त्यात आहे. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ही भरपाई ठरवायची आहे. मागणी आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत ती द्यायची, उशीर झाल्यास ९ टक्के व्याज. नजरेस आणून दिलेला खड्डा ४८ तासांत बुजवायचा, हेही त्याच आदेशात आहे. इथे वर सांगितलेला आवक शिक्का कामी येतो, कारण ४८ तास मोजायला सुरुवात कुठून, हे तोच सांगतो. अपघात झालाच तर उपचाराच्या धावपळीतही तीन गोष्टी कोणीतरी करून घ्याव्यात: त्याच दिवशी खड्ड्याचे टेपसह छायाचित्र, पोलिसांत नोंद आणि पंचनामा, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर 'खड्ड्यामुळे पडून दुखापत' असा स्पष्ट उल्लेख. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला असतो आणि 'गाडी स्वतःहून घसरली' असे लिहिलेला कागद मात्र कायम राहतो.

वेळेचेही गणित सांभाळावे. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरते. तेव्हा रस्त्याच्या मोठ्या दुरुस्तीची मागणी डिसेंबरपर्यंत नगरसेवकाकडे आणि शहर अभियंत्याकडे लेखी गेली पाहिजे. जूनमध्ये केलेल्या मागणीला निधीच नसतो. ऑक्टोबर ते मे हा डांबरी कामाचा काळ. भेगा मार्चमध्ये भराव्यात आणि गटारांतला गाळ मेअखेर काढून उचलून न्यावा. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो पुन्हा गटारातच जातो.

महापालिकेकडे आमची एक साधी मागणी आहे. प्रत्येक प्रभागातल्या रस्त्यांची यादी प्रसिद्ध करावी. त्यात रस्त्याचे नाव, तो कोणाच्या ताब्यात, शेवटचे काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदार, आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख, एवढे पाच रकाने असावेत. ही सर्व माहिती कार्यालयात आहेच आणि ती आपणहून प्रसिद्ध करणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अपेक्षितच आहे. यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावी. आपल्या दैनिकानेही ती प्रभागवार छापली, तर कोणत्या रस्त्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपते हे लोकांना वेळेत कळेल आणि अनामत परत जाण्याआधी त्या रस्त्यावरचे खड्डे मोजून अर्ज देता येतील.

आपले,
रस्तेबांधणीच्या क्षेत्रातील काही स्थापत्य अभियंते व रहिवासी,
सांगली